बुकशेल्फ स्पीकर घेताय? आधी टिकल्यांचं पाकीट आणा

बुकशेल्फ स्पीकर म्हणजे फळीवर किंवा स्टँडवर मावणारे छोटे डबे, त्यांची माझी पहिली जोडी मी इंदूरच्या जेल रोडवर अर्ध्या तासात घेतली होती. दुकानदाराने आधी एक जोडी वाजवली, मग दुसरी, आणि दुसरी वाजली तेव्हा काउंटरची काच थरथरली, झालं, आपलं तिथेच ठरलं. स्कूटरवर मागे मित्राला बसवून त्याच्या मांडीवर खोकी ठेवून घरी आणली, लावली, अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल सुरू केला आणि असं वाटायला लागलं की खाँसाहेब तोंडावर मफलर बांधून गातायत. दोन-चार दिवस मनाची समजूत घातली की नवे आहेत, वाजून वाजून उघडतील. नाही उघडले.

नंतर कळलं की दुकानात दुसरी जोडी चांगली वाजली नव्हतीच, फक्त मोठी वाजली होती. अँपचा (आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरचा) नॉब तिथेच होता, पण ती जोडी तेवढ्याच व्होल्टेजवर जास्त आवाज देणारी होती, वरून बेसचं बटण दाबलेलं. आपल्या कानाची गंमत अशी आहे की आवाज एक-दोन डेसिबलने वाढला तर तो 'मोठा' झाला असं कळत नाही, तो 'छान' झाला असं कळतं. हे एवढं एकच लक्षात ठेवलं तरी तुमचे निम्मे पैसे वाचले समजा. बाकीचा लेख म्हणजे या चुकीतून बाहेर कसं पडायचं त्याचा पाढा आहे, इंदूरच्या साध्या दहा बाय बारा खोलीत बसून लिहिलेला.

पहिलं काम : टेप घ्या आणि खोली मोजा

सगळे इथेच चुकतात, आधी स्पीकर बघतात आणि मग ते ठेवायचे कुठे याचा विचार. खोली हा स्पीकरचाच भाग आहे, खालच्या सुरांत तर अर्ध्याहून जास्त.

हिशोब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. खोलीची दहा फुटांची बाजू म्हणजे ३.०५ मीटर, तिची दुप्पट ६.१, ३४३ भागिले ६.१ म्हणजे ५६. याचा अर्थ त्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झचा (सेकंदाला ५६ कंपनांचा) सूर अडकून फुगणार, भिंतीजवळ तो दणकून ऐकू येणार आणि बरोबर मध्ये बसलात तर जवळजवळ गायब. बारा फुटांच्या बाजूला असाच ४७ येतो. आणि छतपण दहा फुटांवर असेल तर ५६ वर दोनदा मार, एकदा आडवा एकदा उभा. चौरस खोली असेल तर विचारूच नका.

आता आपल्याकडे दिवाण कुठे असतो? भिंतीला टेकून. म्हणजे जिथे बेस सगळ्यात जास्त फुगतो तिथेच डोकं टेकवून आपण ऐकणार आणि म्हणणार 'या स्पीकरचा बेस फार घुमतो हो'. दिवाण एक-दीड फूट पुढे ओढून बघा आधी. घरातून बोलणी बसतील, पण फुकटात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

दुसरं म्हणजे टाळी वाजवा, खोलीच्या मध्ये उभं राहून, एकच जोरात. 'झ्झण्ण' असा पत्र्यासारखा नाद आला तर फरशी, काच आणि रिकाम्या भिंती आवाज परत फेकतायत. त्यावर महागडे फोम-बिम लावायच्या आधी सतरंजी घाला, जाड पडदा लावा, पुस्तकांचं कपाट आणा, गादी-रजईची चळत एका कोपऱ्यात राहू द्या. एवढं करून परत टाळी वाजवा.

माझं मत विचाराल तर अशा खोलीत चार ते सव्वापाच इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा गोल) पुरे. साडेसहा इंची आणलात तर तो जे जास्तीचं देणार ते नेमकं त्या ४७-५६ च्या चिखलात जाऊन पडणार. हॉल मोठा असेल, पंधरा बाय वीसच्या पुढे, तर गोष्ट वेगळी.

दुसरं : अँप आत हवा की बाहेर

अ‍ॅक्टिव्ह म्हणजे अँप स्पीकरच्या पोटातच, प्लग लावला की चालू. पॅसिव्ह म्हणजे नुसता डबा, अँप वेगळा घ्यायचा आणि वायर ओढायची. टीव्ही, मोबाइल आणि फार तर लॅपटॉप एवढंच जोडायचं असेल आणि घरात वायरींवरून भांडणं होत असतील तर डोळे मिटून अ‍ॅक्टिव्ह घ्या. एडिफायरचा आर१२८०टी हा त्यातला नेहमीचा ओळखीचा चेहरा, चार इंची वूफर, दोन्ही मिळून ४२ वॉट आरएमएस (सतत देता येणारी ताकद), साध्या ऑक्स वायरने चालतो. ब्लूटूथ आणि ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारी वायर) हवं तर त्याचाच भाऊ आर१२८०डीबी. टीव्हीला जोडायचं असेल तर ऑप्टिकल असलेला बरा, कारण बऱ्याच नव्या टीव्हींना हेडफोनचं भोक राहिलेलंच नाही.

पॅसिव्हचा फायदा असा की उद्या अँप बिघडला तर अँपच दुरुस्तीला जातो, आणि उद्या पैसे आले तर फक्त स्पीकर बदलता येतात. छंद वाढेल असं आत्ताच वाटत असेल (तुम्हाला माहीत असतं, बायकोला तर त्याही आधी माहीत असतं) तर पॅसिव्ह. त्यासोबत टीपीए३११६ चिपवाला छोटासा क्लास-डी अँप सुरुवातीला छान चालतो, तळहाताएवढा असतो. देशी हवं तर नॉर्जचे अँप आणि कोलकात्याच्या सोनोडाइनचे स्पीकर बघायला हरकत नाही.

एक सूचना अमेरिकेत मावसभाऊ असलेल्यांसाठी, म्हणजे जवळपास सगळ्यांसाठीच. तो येताना घेऊन येणार असेल तर पॅसिव्ह स्पीकर खुशाल मागवा. अ‍ॅक्टिव्हच्या किंवा अँपच्या मागे मात्र व्होल्टेज वाचायला सांगा, तिकडचं ११०-१२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० मध्ये खोचलं की धूर निघतो. '१००-२४०' लिहिलं असेल तर चालेल. आणि तिकडून आणलेल्या मालाची वॉरंटी इथे मिळेलच असं धरून चालू नका.

तिसरं : खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

'पीएमपीओ ३००० वॉट' (क्षणभराचा फुगवलेला आकडा) दिसलं की खोकं तिथेच ठेवा आणि बाहेर येऊन पोहे-जिलबी खा, तेवढाच फायदा. आरएमएस आकडा बघायचा, आणि तोही स्पीकरवर असेल तर त्याचा अर्थ हा डबा किती सहन करतो एवढाच आहे, किती चांगला वाजतो हा नाही. शंभर वॉटचा स्पीकर पन्नासवाल्यापेक्षा दुप्पट मोठा वाजतो हा गैरसमज तर इतका पक्का आहे की काय सांगू. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट.

वॉटपेक्षा महत्त्वाचा आकडा सेन्सिटिव्हिटी. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. समजा ८६ आहे. तुम्ही अडीच मीटरवर बसलात तर त्यातले आठेक गेले, ७८ उरले, दोन स्पीकर आहेत म्हणून ३ परत आले, ८१, वर खोलीच्या भिंती थोडी भर घालणार. हे सगळं एका वॉटमध्ये! वरच्या मजल्यावरच्या काकू 'जरा कमी करता का' म्हणायला येतील एवढा हा आवाज आहे. ढोलकीची थाप किंवा सम येते तेव्हा क्षणभर वीस-तीस वॉट लागू शकतात, म्हणून थोडी शिल्लक हवी, पण दोनशे वॉटच्या मागे धावू नका.

यातही एक पळवाट असते. कंपन्या बऱ्याचदा 'एक वॉट' न लिहिता '२.८३ व्होल्ट' लिहितात. आठ ओमच्या (ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा) स्पीकरला तेवढे व्होल्ट म्हणजे एकच वॉट, पण चार ओमच्या स्पीकरला दोन वॉट होतात, आणि आकडा आपोआप ३ डेसिबल गोरा दिसतो. म्हणून ओम आणि सेन्सिटिव्हिटी शेजारी ठेवून वाचायचं. आणि छोटा अँप असेल तर चार ओमवाल्याच्या वाटेला जरा जपून जा, करंट जास्त खेचतो.

मग फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कुठल्या सुरापासून कुठल्या सुरापर्यंत वाजतो ते. '४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असं नुसतं लिहिलं असेल तर ते मंगल कार्यालयाच्या 'एसी हॉल'सारखं आहे, एसी आहे पण चालू आहे का ते वेगळं विचारायचं. पुढे '±३ डीबी' असेल, म्हणजे त्या पट्ट्यात आवाज तीन डेसिबलहून जास्त वरखाली होत नाही असं लिहिलं असेल, तर त्याला काही अर्थ आहे. काही जण उणे ६ किंवा उणे १० डीबीवरचा आकडा छापतात, तिथे सूर असतो पण नावापुरता.

आणि हो, छोटा डबा, खोल बेस आणि मोठा आवाज या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत, कोणत्या तरी दोनच. कुणी तिन्ही देतो म्हणाला तर तो काहीतरी लपवतोय. बीबीसीने सत्तरच्या दशकात आपल्या बाहेरच्या प्रसारणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा छोटा मॉनिटर, म्हणजे आवाज तपासून ऐकायचा स्पीकर, बनवला, गाडीत जागा नाही आणि माणसाचा आवाज तर खरा ऐकू यायला हवा. त्यांनी मोठा आवाज सोडून दिला, सेन्सिटिव्हिटी ८२-८३ च्या आसपासच. लोक आजही तो जपून ठेवतात. त्यांना काय सोडायचं ते माहीत होतं, आपल्याला ते ठरवायचंय.

चौथं : चार नावांवर या, तीसवर नाही

पॅसिव्हमध्ये सुरुवातीच्या गटात जी नावं पुन्हा पुन्हा येतात ती अशी. व्हार्फडेल डायमंड १२.१, आठ ओम, ८८ डीबी, तेरा सेंटिमीटरचा वूफर, स्वभावाने शांत म्हणतात आणि मलाही तसाच वाटला. क्यू अकूस्टिक्स ३०२०आय, सहा ओम, ८८. एलॅक डेब्यू २.० बी५.२, सहा ओम, ८६, याला अँप जरा बरा लागतो. सोनी एसएस-सीएस५, सहा ओम, ८७, यात वूफर आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा गोल) यांच्या वर अजून एक छोटा सुपर ट्वीटर, पण म्हणून तो आपोआप वरचढ ठरत नाही, ड्रायव्हर (म्हणजे हे गोल) मोजून स्पीकर निवडणं म्हणजे भांडी मोजून आचारी निवडणं. किमती सणासुदीला खालीवर होतात, म्हणून मी लिहीत नाही, त्या दिवशीच्या बघा.

मोजमापांचे आलेख मिळाले तर दोनच गोष्टी बघा. समोरून मोजलेली रेघ बऱ्यापैकी सपाट आहे का, आणि बाजूला सरकत गेलं की ती हळूहळू, सारखी उतरते का, मध्येच खड्डे-उंचवटे न येता. ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये आणि पुढे हारमन या ऑडिओ कंपनीत वर्षानुवर्षं लोकांना पडद्याआड स्पीकर ऐकवले, आणि लोकांची पसंती पुन्हा पुन्हा अशाच स्पीकरकडे गेली, कान तयार असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही. त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हेही दाखवलं की तीच माणसं तेच स्पीकर बघून ऐकतात तेव्हा मार्क बदलतात. कान दिसणं ऐकतात, डबा चकचकीत असला की आवाज गोड लागतो. म्हणून पुढचा ओढणीचा खेळ, तो मी माझ्या मनाने काढलेला नाही.

पाचवं : ऐकायला काय लावायचं

दुकानात ते इंग्रजी डेमो लावतात, एक बाई, एक गिटार आणि भरपूर बोटं घासल्याचा आवाज. त्यात सगळेच स्पीकर छान वाजतात. आपण घरी जे ऐकतो ते लावायचं, आणि तेही पाठ असलेलं.

माझ्याकडे सगळ्यात आधी तंबोरा. नुसता तंबोरा, दोन मिनिटं. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा म्हणजे साधारण १३९ हर्ट्झ, त्याचा खर्ज ६९. पाचइंची स्पीकर ६९ ला येईपर्यंत दमलेला असतो, तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण १३९, २०८, २७७ असे त्याचे वरचे स्वर शाबूत असले की मेंदू खालचा स्वतःच भरून घेतो. म्हणून खर्ज 'आहे का' हे विचारूच नका, जवारी ऐका. तार छेडल्यावर तो जो झगमगाट वर उलगडत जातो तो सलग जातो की मध्येच कुठे जिना तुटतो? वूफर संपून ट्वीटर सुरू होतो ती जागा बहुतेक स्पीकरमध्ये दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास असते, आणि तिथला सांधा कच्चा असला की जवारी तिथेच विसकटते. गाण्यात हे लपतं, तंबोऱ्यात लपत नाही.

मग डग्गा. तबलजी मनगट दाबून घुमारा वर नेतो ना, तो स्वर चढताना ऐकू यायला हवा. पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, वाईट असलेल्या डब्यात (किंवा चांगल्या डब्याच्या वाईट जागेत) प्रत्येक थाप एकाच स्वरात 'धुम्' करते, डग्गा कुठलाही असो. गणपतीतल्या डीजेने आपला कान एवढा बिघडवलाय की आपल्याला तो धुम् म्हणजेच बेस वाटतो.

लताबाईंचं जुनं, पन्नासच्या दशकातलं कुठलंही गाणं. १९२९ मध्ये इंदुरातच जन्मल्या म्हणून नव्हे (ते तर आपण सांगणारच), तर दोन कामं होतात म्हणून. एक, 'स' आणि 'श' वर ट्वीटर चावतो का ते कळतं. दोन, ही रेकॉर्डिंग मोनो आहेत, तर आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून यायला हवा, मूठभर जागेतून. पसरट आला तर कुठेतरी गडबड आहे.

कुमार गंधर्वांची एकदम वर झेपावणारी तान, इथून तासाभरावर देवासला बसून गायलेली. त्या जागी स्वस्त स्पीकर ओरडतो. आवाज धारदार हवा, किंचाळणारा नको.

आणि शेवटची युक्ती, आईला पेपरमधली बातमी वाचायला सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा, तोंडासमोर हातभर अंतरावर धरून. जगातला कुठलाच आवाज तुम्ही यापेक्षा जास्त ओळखत नाही. ज्या स्पीकरवर आई आईसारखी वाटत नाही तो माझ्याकडे बाद.

सहावं : टिकल्या

आता खरा प्रकार. दुकानात जमेल तेवढं जमवा, पण परत करायची सोय असेल किंवा मित्राकडे दुसरी जोडी असेल तर घरीच तुलना करा.

दोन्ही जोड्यांतला एकेकच स्पीकर घ्या. एकेकच, जोडी नाही, कारण एकट्या स्पीकरचे दोष जास्त स्पष्ट कळतात, स्टिरिओच्या थाटात ते झाकले जातात. दोन्ही शेजारी, ट्वीटर साधारण कानाच्या उंचीला. पॅसिव्ह असतील तर अँपच्या डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला दुसरा. फोनच्या सेटिंगमध्ये ऍक्सेसिबिलिटीत जा, तिथे 'मोनो ऑडिओ' चालू करा, आणि तिथेच डावं-उजवं बॅलन्सचं पट्टीसारखं बटण असतं. पट्टी पूर्ण डावीकडे, पहिला वाजतो, पूर्ण उजवीकडे, दुसरा. वायरी उपसायची गरज नाही, स्विच बॉक्सचा खर्च नाही.

पण आवाज सारखा करायचाय, तो लेखाचा मुद्दाच आहे. पिंक नॉइज म्हणून शोधा, पावसासारखा 'शूऽऽ' असतो, तो लावा. फोनवर, म्हणजे दुसऱ्या फोनवर, आवाज मोजायचं कुठलंही फुकट अ‍ॅप टाका, तो फोन तुमच्या डोक्याच्या जागी उशीवर ठेवा आणि मग हात लावू नका. फोनचा माइक खरा आकडा सांगत नाही, पण 'हा त्यापेक्षा दोनने जास्त' हे ठीक सांगतो, आपल्याला तेवढंच हवंय. पहिल्या स्पीकरला समजा ७० आले, तिथे अँपच्या नॉबसमोर लाल टिकली. पट्टी दुसरीकडे न्या, नॉब हळू फिरवून परत ७० वर आणा, अर्ध्या डेसिबलपर्यंत जमवा, तिथे हिरवी टिकली. आता स्पीकर बदलताना नॉब टिकलीवर. एवढंच. मी बायकोच्या पाकिटातल्या दोन टिकल्या लावल्या होत्या, अजून तशाच आहेत.

आता वर पातळ ओढणी टाका, शिफॉनची किंवा तलम मलमलची, जाड चादर नको, ती वरचे सूर खाते. आणि पट्टी फिरवायला दुसऱ्या कुणाला बसवा, ऐकणाऱ्याला दिसणार नाही असं. वीस-तीस सेकंदांचे तुकडे, तोच तुकडा दोन्हीवर, कागदावर 'पहिला' की 'दुसरा' एवढंच लिहायचं. दहा-बारा वेळा करा. पाच-सहा तुमचे एकीकडे आणि पाच-सहा दुसरीकडे आले तर तुमच्या कानाला फरक नाही, स्वस्त घ्या आणि मोकळे व्हा, यात कमीपणा काही नाही.

मी हे केलं तेव्हा समोरच्या काकूंना बोलावलं होतं, त्या गाणं शिकवतात. त्यांना स्पीकर-बिकर काही सांगितलं नाही, फक्त दोन तंबोरे ऐका म्हटलं. काकूंनी डोळे मिटले, दोन्ही ऐकले, परत ऐकवायला सांगितलं, आणि म्हणाल्या, 'दुसऱ्याची जवारी लागलीय रे. पहिल्या तंबोऱ्याला सर्दी झालीय.' दुसरा म्हणजे त्या दोघांतला स्वस्त होता. मी तीन महिने ज्याचे फोटो बघत होतो तो सर्दीवाला. चहा होईपर्यंत मी गप्पच होतो.

सातवं : लावताना

नाव बुकशेल्फ असलं तरी पुस्तकांच्या फळीत कोंबू नका, विशेषतः मागे भोक असेल तर. मागच्या पोर्टला निदान आठ-दहा इंच मोकळी हवा द्या. दोन स्पीकर आणि तुम्ही, तिन्ही बाजू साधारण सारख्या असलेला त्रिकोण. स्टँड महाग वाटत असेल तर विटा रचून वर कोट्याची लादी ठेवा, फरशीवाल्याकडे तुकडे पडलेलेच असतात, मध्ये रबराचे तुकडे.

भिंतीपासून किती, याचं एक गणित मला फार आवडतं. स्पीकरचा चेहरा मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर भिंतीवर आपटून परत येणारा आवाज चार फूट जास्त चालतो, आणि १४० हर्ट्झला हे अंतर बरोबर अर्धी लाट होतं, म्हणजे तो उलटा येऊन मूळच्या आवाजाला खातो. १४० म्हणजे काय? आत्ताच बघितलं, काळी एकचा सा! गायकाचा षड्जच खड्ड्यात. तर दोन फुटांवर ठेवून पुरुष गायकाचा आवाज पोकळ वाटला तर सहा इंच पुढे किंवा मागे सरकवा आणि परत ऐका, खड्डा दुसरीकडे सरकतो.

वायर साधी तांब्याची, दीड एमएमची, इलेक्ट्रिकच्या दुकानातली. पाच मीटरला जाऊन येऊन ओमच्या आठव्या भागाइतका अडथळा, त्याचं काही वाटून घेऊ नका. सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरचे पैसे इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत खा.

आणि लाल ते लाल, काळा ते काळा. हसू नका. मी नव्या घरात आलो तेव्हा एका स्पीकरची वायर उलटी लागली होती आणि जवळजवळ महिनाभर मी सगळ्यांना सांगत होतो की या घराची खोलीच वाईट आहे, बेस बसतच नाही. लताबाई मधून न येता दोन्ही कानांच्या बाहेरून, डोक्याभोवती गुंडाळल्यासारख्या येत होत्या. एक स्पीकर हवा पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय, खालचे सूर एकमेकांना पुसून टाकतायत. मोनो गाणं लावून ऐकलं असतं तर पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं. पॅसिव्हमध्ये शंका असेल तर अँप काढून साधा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, धन टोक लालला, वूफर पुढे यायला हवा, दोन्हीकडे.

जुना माल

पॅसिव्ह जुना घ्यायला मी तयार असतो, कारण त्यात बिघडण्यासारखं कमी. वूफरच्या कडेचं रबर आहे की फोम ते बघा. फोम दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होतो, बोट लावलं की पापडासारखा तुटतो. वूफर दोन्ही बाजूंनी बोटांनी अलगद, सारखा दाबा, खर्र झालं तर आतली कॉइल घासतेय, सोडून द्या. ट्वीटरला कान लावून आवाज कमी ठेवून ऐका, दोन्ही जिवंत आहेत ना. आत चेपलेला ट्वीटर दिसला तर भाव पाडा.

पैशांची वाटणी

माझं दुसऱ्या वेळचं बजेट तीस हजार होतं. अठरा स्पीकरला गेले, आठ अँपला, हजार-बाराशे वायर, लादी, रबर मिळून, आणि उरलेल्यांतून एक जाड सतरंजी आणि दुपदरी पडदे. पडदे हे खात्यात 'घरसामान' म्हणून दाखवले. मला विचाराल तर अर्ध्याहून जास्त स्पीकरवरच घाला, एका अँपचा दुसऱ्यापासूनचा किंवा एका डॅकचा (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारं यंत्र) दुसऱ्यापासूनचा फरक कळायला आधी स्पीकर आणि खोली तरी ठीक हवी. ब्लूटूथ की वायर यावर रात्ररात्र वाद घालणारे लोक आहेत, त्यांना घालू द्या.

महाग जोडी चांगली नसते असं नाही. असते. पण दहाचे वीस हजार केले की जेवढी उडी पडते तेवढी चाळीसचे ऐंशी करून पडत नाही, आणि मधला पुष्कळसा फरक दिवाण सरकवून मिळतो.

आणि वायर घेताना मोजमापापेक्षा दोन मीटर जास्तच घ्या. दर दिवाळीला आमच्याकडे दिवाण परत भिंतीला जातो.